चाकाखालची ओली वीट

शनिवार, १९ ऑगस्ट २००६

आज ब्रीडाबाईंनी शेडचं कुलूप काढून दिलं. डब्लिन सोडून जानेवारीपासून आम्ही त्यांच्या घरात भाड्याने राहतोय, पण उताराच्या माथ्यावरची ती शेड कायम बंद. त्यांच्या नवऱ्याचं, डेसमंडचं, सामान आत आहे एवढंच माहीत होतं. तो गेला तेव्हापासून बाई जवळच्या नास गावात बहिणीकडे राहतात आणि अधूनमधून इथे येऊन आपल्या फुलांच्या वाफ्यातलं गवत काढून जातात. आज मी सहज विचारलं, शेडमध्ये आहे तरी काय? त्यांनी जुडग्यातून एक किल्ली वेगळी काढली. मग म्हणाल्या, "ये, बघ."

आत एक मोटार होती. निळी, दोन सीटची, बिनटपाची आणि अर्धवट. डेसने किट मागवून स्वतः जोडलेली. सांगाडा एका कंपनीचा, इंजिन आणि मागची चाकं भंगारात काढलेल्या कुठल्याशा जुन्या गाडीची, बाकी सगळी हौस. इंजिन बसलंय, स्टिअरिंग बसलंय. फक्त दोन सीटच्या मधे, जिथे हँडब्रेक हवा, तिथे चौकोनी भोक आहे.

"घेऊन टाक," बाई म्हणाल्या. "पैसे नकोत. फक्त तिचं तोंड गेटकडे करून उभी करू नकोस."

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. डेस घरीच अपघातात गेला असं त्या मागे एकदा बोलल्या होत्या. शिडीवरून पडला असणार, इथे सगळे म्हातारे पन्हळ साफ करायला शिडीवर चढतात.

बायकोला, वृंदाला, गाडी दाखवली. ती म्हणाली, "तुला घरातला नळ दुरुस्त करता येत नाही." माझ्या हौसेवर पाणी ओतायला तिला तो नळ पुरतो. मी चेरीवूडच्या ऑफिसात दिवसभर इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. ज्याला चुका सापडतात त्याला मोटार जमणारच.

जाता जाता एक दिसलं. बाईंच्या वाफ्याला विटांची सुंदर कड आहे, पण मधलीच एक वीट नाही. पडलेल्या दातासारखी ती जागा डोळ्यात खुपते. म्हटलं, एक वीट आणून बसवून देतो. बाई म्हणाल्या, "नको, ते तसंच राहू दे."

रविवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक वृंदाने केले, कळ्या पाडायला मी बसलो, दोन पाडल्या आणि स्वयंपाकघरातून हाकलला गेलो. त्यामुळे दुपार शेडमध्ये.

आमचं घोडं हँडब्रेकपाशी पेंड खातंय. मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे जुन्या गाडीचाच लिव्हर आणि केबल. फुकटात काम, पण केबल हातभर लांब पडते आणि गाडीखाली आतड्यासारखी लोंबते. दुसरा हायड्रॉलिक. लिव्हर ओढला की एका लहानशा नळकांड्यातून ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो दाबच मागची चाकं आवळून धरतो. केबल नाही, स्प्रिंग नाही, एक बारीक नळी फक्त. तिसरा मार्ग म्हणजे मागच्या चाकांना जास्तीचे लोखंडी चिमटे लावायचे, हँडब्रेकपुरते, आणि ते केबलने ओढायचे. जड, कुरूप आणि काम दुप्पट.

डेसचा कौल हायड्रॉलिकला होता. तो लिव्हर बाकावर फडक्यात गुंडाळलेला सापडला. मात्र गाडीतून तो नीट सोडवलेला नाही, उपटलेला आहे. एका बाजूचा पत्रा वाकलाय. कुणाला एवढी घाई झाली होती कोण जाणे.

बाकाखाली एक पार्सलही होतं, न उघडलेलं. आत तिसऱ्या प्रकारचा सगळा सरंजाम. चिमटे, केबल, नवाकोरा लिव्हर. हायड्रॉलिक बसवल्यावर याने हे कशाला मागवलं? पार्सलवर पोस्टाचा शिक्का गेल्या वर्षीच्या मार्चअखेरचा आहे आणि डेस तर सेंट पॅट्रिक डेच्या आदल्या दिवशी गेला. म्हणजे ज्याने मागवलं त्याने ते पाहिलंच नाही. मग घरात जाऊन चहा घेतला.

शनिवार, २ सप्टेंबर

हायड्रॉलिकच. ठरलं. ऑफिसातल्या शिरीषला सांगितलं तर त्याने नेहमीप्रमाणे माशी शिंकवली. हा मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात ब्रेकच्या कारखान्यात दोन वर्षं होता, आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. म्हणाला, "पार्किंगला कोणी हायड्रॉलिक ठेवतं का? ऑइल थंड झालं की दाब उतरतो. सील जरा पाझरलं की संपलं. घरी लहान मुलगी आहे ना तुझ्या?" मी म्हटलं, बघतो. त्याला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो, म्हणून त्याने अजून ड्रायव्हिंग लायसन्स काढलेलं नाही.

आज गाडी ढकलून फिरवून घेतली, तोंड गेटकडे. ब्रीडाबाईंचं बोलणं लक्षात होतं. पण बाक आणि दिवा शेडच्या आतल्या टोकाला, आणि काम मागच्या चाकांवर. दुसरा इलाज नाही. चाकांना लाकडाचे तुकडे लावलेत. शेडची फरशी जवळजवळ सपाट आहे, खरा उतार दारापासून पुढे, खडीवरून थेट गेटपर्यंत.

मंगळवार, ५ सप्टेंबर

सकाळी ऑफिसला निघताना शेडमध्ये डोकावलो. पुढच्या डाव्या चाकासमोर एक वीट होती. माझी लाकडं होतीच, त्याशिवाय वीट. नीट आवळून, टोकाने आत सारून लावलेली, एखाद्या सवयीच्या माणसाने लावावी तशी. काढून बाकाखाली टाकली.

वीट ओली होती. आठवडाभर पाऊस नाही.

गुरुवार, ७ सप्टेंबर

आज पुन्हा. तीच वीट, कारण तिच्या एका कोपऱ्याला निळा रंग लागलाय, गाडीचाच. पुन्हा ओलीगच्च, आणि तिला हिरवट बुळबुळीत शेवाळ. वास घेतला तर तळ्यासारखा.

संध्याकाळी वृंदाला म्हटलं, काळजी वाटते तर सरळ बोल, हे विटांचे प्रकार कशाला? ती म्हणाली, "मला वाटलं तूच लावतोस. मी शेडमध्ये जातच नाही. मला तिथे कोणीतरी काम करत असल्यासारखं वाटतं." पोरीला शाळेत सोडल्यावर दिवसभर एकटी असते, तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. असलं काहीबाही वाटणारच. तिला एखादा क्लास लावून द्यायला हवा.

शनिवार, ९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. वृंदा म्हणते, हे पंधरा दिवस नवीन काही करू नकोस. मी म्हटलं, ब्रेक लावणं म्हणजे काही सुरू करणं नव्हे, थांबवणं आहे. तिला हसू आलं नाही.

जेवताना विटेवरून आमचं पुन्हा वाजलं. केतकी मधेच भाताशी खेळत म्हणाली, "द मॅन डज इट, बाबा."

"कोणता माणूस?"

"युअर मॅन इन द शेड. विथ द वेट स्लीव्ह्ज."

आमची पाच वर्षांची कन्या मराठी सगळं समजते आणि उत्तर आयरिश इंग्लिशमध्ये देते, त्यात 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस'. वृंदाने विचारलं, बाह्या ओल्या का गं त्याच्या? केतकीने खांदे उडवले. म्हणाली, तो कुठूनतरी काढून आणतो. वृंदाचा चेहरा पडला. मी केतकीला समजावलं की गोष्टी शाळेत सांगायच्या, जेवताना नाही. इथल्या मुलांना हॅलोविनची घाई फार लवकर होते.

बुधवार, १३ सप्टेंबर

लिव्हर बसला. वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला, नळी जोडली, ऑइल भरलं, हवा काढली. ओढला की चाकं जागच्या जागी. काय सुंदर दिसतो. दोन सीटच्या मधे उभा, देखणा, खाली एक तार नाही. शिरीषला फोटो दाखवणार आहे.

वीट रोज असते. मी रोज काढतो. आता वाद घालणं सोडलंय.

शनिवार, १६ सप्टेंबर

आज लिहिलं नाही तर उद्या मलाच खोटं वाटेल.

दुपारी ब्रेकची परीक्षा घेतली. गाडी शेडच्या दारात, उतारावर आणली, लिव्हर ओढला, लाकडं काढली. इंचभर हलली नाही. पाठ लावून ढकलली. वृंदाला आत बसवलं. मी बोनेटवर बसलो. ढिम्म. तासाभराने आम्ही जेवलो, परत बघितलं, गाडी तिथेच. माझ्या धंद्यात याला पास म्हणतात.

वीट माझ्या ऑफिसच्या गाडीच्या डिकीत टाकली, कुलूप लावलं, किल्ली खिशात. म्हटलं, बघू आता कोण काढतो ते.

चहाच्या वेळेला ऊन गेलं आणि एकदम गार पडलं. केतकी खाली गेटवर पाय देऊन झोके घेत होती. तो तिचा नेहमीचा खेळ. मी ओट्यापाशी आधण ठेवत होतो. खिडकीतून समोर शेडचं दार दिसतं, आणि मला आधी कळेचना की काय चुकतंय. दारात काहीच नव्हतं. मग खडीचा आवाज आला. इंजिन बंद असलेल्या गाडीचा आवाज किती थोडा असतो, ते मला माहीत नव्हतं.

मी धावलो. ओरडलो असणार, वृंदा म्हणते मी ओरडलो. गाडी माझ्यापुढे उतारावर होती, वेग घेत होती, आणि केतकी गेटवरून उतरून तिच्याकडे बघत उभी होती. मी तिथे पोचणार नव्हतो. हे मला धावतानाच कळलं, आणि त्याहून वाईट असं आयुष्यात मला काही कळलेलं नाही.

गाडी थांबली. धाडकन, मागची चाकं किंचित उचलून, गेटच्या थोडी अलीकडे. केतकीने हात लांब केला असता तर बोनेटला लागला असता.

तिला उचललं. वृंदा आली, तिने तिला माझ्याकडून काढून घेतलं. मग मी चाकाकडे बघितलं. पुढचं डावं. वीट होती. टोकाने आत सारलेली, ओली, कोपऱ्याला निळा रंग.

लिव्हर ओढलेलाच होता, पण हाताला लोण्यासारखा लागला. आत दाब म्हणून नव्हताच. खिशातून किल्ली काढली, वर जाऊन डिकी उघडली. डिकी रिकामी. खालच्या गालिच्यावर ओला चौकोन.

केतकी रडलीसुद्धा नाही. झोपवताना वृंदाला म्हणाली, "ही हॅड हिज हँड ऑन इट. द होल वे डाउन." मग माझ्याकडे बघून म्हणाली की तो बाबावर रागावलाय.

रविवार, १७ सप्टेंबर

ब्रीडाबाईंना वृंदाने फोन करून बोलावलं. मला लाज वाटत होती, म्हणून मी चहा करण्यात गुंतलो. बाई आल्या, केतकीला इथल्या लाडाच्या शब्दाने म्हणाल्या, "कशी आहेस, पेट?" मग त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. वीट मी तिथे वर्तमानपत्रावर ठेवली होती. त्या कोटासकट खुर्चीवर बसल्या.

"ही कुठे मिळाली?"

मी म्हटलं, मिळाली नाही, येते. रोज येते.

मग त्यांनी सांगितलं. डेस शिडीवरून पडला नव्हता. त्यानेही हाच लिव्हर बसवला होता, गाडीचं तोंड गेटकडे होतं, दिव्यासाठीच. दिवसभर ब्रेकने धरलं. संध्याकाळी तो खाली गेटच्या बिजागरीला तेल घालत होता, पाठ उताराकडे. गेटच्या डाव्या खांबाचे वरचे दगड नवे आहेत, ते मी रोज जाता-येता बघतो. रंग वेगळा कसा, एवढंच माझ्या मनात यायचं.

"त्याला शंका होतीच," बाई म्हणाल्या. "त्याच आठवड्यात दुसरं सामान मागवलं होतं. ते पार्सल मातीच्या पुढच्या आठवड्यात आलं. लिव्हर मी पहारीने उपटला."

"आणि वीट?" वृंदाने विचारलं.

"ती मी ब्लेसिंग्टनच्या पुलावरून तळ्यात टाकली. या हातांनी. पडल्याचा आवाज ऐकला."

त्यांनी विटेला हात लावला नाही. चहा तसाच ठेवून गेल्या.

लिव्हर मी आजच काढून भंगारात टाकला. पण एक समजत नाही. राग लिव्हरचा यावा, गाडीचा यावा. विटेने बिचारीने काय केलं होतं, की तिला एवढ्या लांब नेऊन तळ्यात बुडवावी? मी हे वृंदाला बोललो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कप विसळायला उठलो.

मंगळवार, १९ सप्टेंबर

पार्सल उघडलं. कुरूप तर कुरूप. शिरीषला सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं, तुझं बरोबर होतं. शनिवारी मदतीला येणार आहे.

वीट आता मी स्वतः चाकाला लावतो. रोज सकाळी आहे तिथेच असते.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

सर्वपित्री. मी रजा टाकली. वृंदा दरवर्षी तिच्या वडिलांच्या नावाने पान ठेवते. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, वरणभात. कावळ्याचं पान शेडच्या पत्र्यावर. इथे कावळ्यांना तोटा नाही. डब्लिनला फ्लॅटमध्ये होतो तेव्हा गॅलरीतलं पान ठेवायचा अवकाश की फस्त.

आज कावळे आले. पन्हळीवर ओळीने बसले. पण पानाला कोणी शिवेना. आम्ही वाट बघत उभे. वृंदाने हात जोडून वडिलांचं नाव घेतलं, तिच्या आजीचं घेतलं, माझ्या आजोबांचं घेतलं. कावळे नुसते बघत होते. खीर गार झाली.

वृंदा हळूच म्हणाली, "आपल्यातलं कोणी नाहीये ते. त्याचं काहीतरी राहिलंय."

मी या गोष्टी मानत नाही. मी मानत नाही असं आजवर सगळ्यांना सांगत आलोय. तरी चप्पल काढली, खडीवर अनवाणी उभा राहिलो आणि मोठ्याने बोललो. डेस, तुझं पार्सल मी उघडलंय. तुला हवा होता तोच ब्रेक बसवतो, तुझाच लिव्हर, तुझ्याच केबल. काम अर्धवट सोडणार नाही. हे इंग्लिशमध्ये बोललो, त्याला मराठी कुठून कळणार.

एकही कावळा हलला नाही. खरं सांगतो, मला राग आला. इंजिनिअर माणूस, गाडी अर्धी टाकून गेलेला, त्याची दुसरी इच्छा काय असणार?

तेवढ्यात गेट वाजलं. ब्रीडाबाई वाफ्यातले झेंडू घेऊन जा म्हणून सांगायला आल्या होत्या, वृंदाला दसऱ्याला लागतात म्हणून. आम्हा दोघांना हात जोडून पत्र्याकडे बघताना पाहून त्या थबकल्या. वृंदाने त्यांना सांगितलं. गेलेल्या माणसाचं पान आहे. मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. ते राहिलेलं कोणीतरी बोलावं लागतं.

मला वाटलं बाई हसतील, नाहीतर छातीवर क्रॉसची खूण करून निघून जातील. त्या वाफ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन पावलं पुढे झाल्या आणि पत्र्याकडे मान वर करून बोलल्या, अगदी घरातल्या घरात बोलतात तशा.

"ती वीट मी काढली होती, डेस. तू जेवायला आलास तेव्हा. माझ्या वाफ्याची आहे, दर वेळी नेतोस आणि परत ठेवत नाहीस, म्हणून मी ती चाकाखालून काढली आणि जागेवर लावली. तुला सांगितलं नाही. तुला वाटलं असेल, वीट आहे. मी काढली होती."

वारा नव्हता. एक कावळा पन्हळीवरून उतरला, पानाभोवती फिरला आणि भातात चोच घातली. मग सगळेच आले.

बाई तिथेच खडीवर बसल्या. वृंदा त्यांच्याजवळ बसली. मी चप्पल हातात घेऊन उभा होतो. आता कुठे मला कळलं की ती वीट त्यांनी तळ्यात का टाकली, आणि मी लिव्हर आणि केबलचं बोलत होतो तेव्हा किती मूर्ख दिसत होतो. रडू आलं म्हणून घरात आलो.

रविवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. ब्रेक काल संध्याकाळी पुरा झाला. शिरीष दोन्ही शनिवारी आला, हात काळे करून गेला. पार्सलमधल्या केबल मापाला चपखल बसल्या, कुठे कापावं लागलं नाही. डेसने नीट मोजून मागवल्या होत्या. लिव्हर ओढला की कट्-कट् असा दात धरल्याचा आवाज येतो आणि तो दात ऑइल गार झालं म्हणून सुटत नाही. रात्रभर उतारावर ठेवली, चाकांना लाकडं लावून, आणि सकाळी बघितलं तर गाडी लाकडांना टेकलेलीसुद्धा नव्हती. मग ढकलून आत घेतली.

आज हत्यारांना हात लावायचा नाही. बाकावर पाने, हातोडी, पक्कड, जॅक, सगळं मांडलं. वृंदाने हळदकुंकू वाहिलं, झेंडू ब्रीडाबाईंच्या वाफ्यातले. गाडीच्या बोनेटवर स्वस्तिक काढलं. केतकीने विचारलं, वीट का नाही ठेवली? मी तिच्याकडे बघितलं आणि वीट आणून जॅकच्या शेजारी ठेवली. वृंदाने तिला हळद लावली, कुंकू लावलं आणि डोकं टेकवलं. मीही टेकवलं. त्या विटेने माझी मुलगी मला ठेवली आहे, तिच्यापुढे डोकं टेकवायला मला कोणाची लाज वाटत नाही.

"इज ही डन नाऊ?" केतकीने विचारलं. झालं का त्याचं काम. मी म्हटलं, ब्रेक तर झाला.

शेडला कुलूप लावून आलो. आता जोराचा पाऊस सुरू झालाय.

सोमवार, २ ऑक्टोबर

दसरा. सकाळी हत्यारं उचलायला शेड उघडली. सगळं काल मांडलं तसं होतं. वीट नव्हती. बाकावर तिच्या जागी एक झेंडू पडला होता.

आधी चाकांकडे बघितलं. कुठल्याच चाकाला नव्हती. गाडी आपल्या ब्रेकवर उभी होती. मग केतकीची हाक आली, "बाबा, कम हिअर, लुक." ती वाफ्यापाशी उकिडवी बसली होती.

कडेच्या विटांमधली ती रिकामी जागा भरली होती. निळ्या कोपऱ्याची वीट, माती दाबून, शेजारच्या विटांच्या रेषेत बसवलेली. वृंदाला विचारलं, तू? तिने मान हलवली आणि मला विचारलं, तू?

ब्रीडाबाईंना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. 

"सरळ बसलीये का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, अगदी सरळ.

"आयुष्यात त्याने एकदाही ती परत ठेवली नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज रडण्याचा होता की हसण्याचा, मला सांगता येणार नाही. दुपारी येते म्हणाल्या, गाडीतून एक चक्कर मारायला.

फोन ठेवून मी परत वाफ्याकडे गेलो. रात्रभर पाऊस पडून गेला होता, शेजारच्या विटा भिजून काळ्या झाल्या होत्या. खाली वाकून हिच्यावर हात ठेवला. कुंकू जसंच्या तसं होतं. वीट कोरडी होती.